चेहऱ्यावरच्या सुरकुत्या कमी करण्यासाठी रोज काय करावं?
वय थांबत नाही, पण सुरकुत्या लवकर आणतं ते ऊन. त्यातले यूव्हीए किरण ढगांतून, खिडकीच्या काचेतूनही येतात आणि त्वचेला घट्ट ठेवणारं कोलॅजन हे प्रथिन मोडतात. म्हणून एसपीएफ ३० किंवा जास्त, ‘ब्रॉड स्पेक्ट्रम’ लिहिलेलं सनस्क्रीन रोज लावा, चेहरा आणि मानेला मिळून दोन बोटं भरून. वाटाण्याएवढं लावून काही होत नाही! बाहेर असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. दुचाकीवर स्कार्फ हवाच.

सिगारेट ओढत असाल तर आधी ती सोडा, क्रीमचं नंतर बघू.

रात्री चेहरा धुऊन मॉइश्चरायझर. रेटिनॉल, म्हणजे सुरकुत्यांवरचं ‘अ’ जीवनसत्त्वाचं क्रीम, सुरुवातीला आठवड्यातून दोनदाच लावा. गरोदरपणात मात्र अजिबात नको. फरक दिसायला तीन-चार महिने जातात. आणि लिंबू चोळून उन्हात जाऊ नका, त्वचा भाजते.