नव्या पोलीस शिपायाला रात्रगस्त कोण आणि कशी शिकवतं?

तुम्ही लिहिलंय की नानवीजच्या पोलीस प्रशिक्षण केंद्रात नऊ महिने झाले, मग मुख्यालयात गार्ड, कैदी पार्टी (कैद्यांची ने-आण) आणि बंदोबस्त यांतच दीड वर्ष गेलं. आता तालुक्याच्या पोलीस ठाण्याला बदली झालीय आणि पहिल्याच आठवड्यात रात्रगस्त लागलीय. गस्त शिकवतं कोण, आणि पहिल्या रात्री बरोबर काय घ्यायचं, एवढंच तुम्हाला विचारायचंय.

हजेरी मेजर, म्हणजे ठाण्यात ड्युट्या लावणारा हवालदार, ज्याच्याशी तुमची जोडी लावेल, तोच तुमचा मास्तर. वेगळा वर्ग बिर्ग काही नसतो. मी सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो. शेवटची बारा-तेरा वर्षं माझ्या गाडीमागे बहुतेक नवी पोरंच बसायची, म्हणून हे लिहायचं धाडस करतोय.

मी त्यांना आधी दिवसा फिरवायचो. पायी, साध्या कपड्यात. सराफ कट्ट्यात कोणत्या दुकानाला मागून बोळ आहे, कोणाच्या शटरला मधलं कुलूप नाही, एसटी स्टँडची मागची भिंत कुठे पडलीय, दुधाचा टेम्पो पहाटे कुठल्या रस्त्याने येतो, कोणता चहावाला चारला स्टोव्ह पेटवतो. पोरं कंटाळायची. त्यांना वाटायचं गस्त म्हणजे चोराच्या मागे धावणं. पण नेहमीचं काय ते डोक्यात बसल्याशिवाय वेगळं काय ते दिसत नाही.

एकदा अडीचच्या सुमाराला बाजार समितीच्या गेटवरून जाताना मागचा पोरगा म्हणाला, "मेजर, थांबा. रेडिओ चालू आहे, पण खुर्चीत बाबा नाहीत." मी हवालदार होतो तेव्हा. गेटवरचा म्हातारा राखणदार रेडिओ लावूनच बसायचा आणि लघवीला गेला तरी तो काखेत मारून न्यायचा. हे त्या पोराने दिवसा दोनदा पाहिलेलं. आम्ही आत गेलो तर बाबा कांद्याच्या गोण्यांमागे आडवे, अंग घामाने चिंब. साखर उतरली होती. ग्रामीण रुग्णालयात पोचवले, वाचले. चोर नव्हताच तिथे. पण माझ्या लेखी त्या पोराची गस्त त्या रात्री शिकून झाली.

दुसरी गोष्ट कान. बुलेट भडभडवत गल्लीत शिरलात तर चोराला तुम्ही दोन गल्ल्या आधीच कळवलंत. गल्लीच्या तोंडाशी इंजिन बंद करा, पाच मिनिटं नुसते उभे राहा. कुत्री कोणत्या दिशेला तोंड करून भुंकतायत ते बघा. उभ्या गाडीच्या बॉनेटवर हात ठेवा, गरम असेल तर आत्ताच कोणीतरी आलंय. शटरचं कुलूप नुसतं बघू नका, ओढून बघा. बॅटरी डाव्या हातात धरा, उजवा मोकळा असू द्या. आणि रोज त्याच वेळी, त्याच क्रमाने फिरू नका. तुमचं वेळापत्रक तुमच्याआधी दुसऱ्यांना पाठ होतं.

आता माझीच एक लाजेची गोष्ट. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी, तेव्हा देवळं, पेढ्या, दुकानं इथे पॉइंट बुकं टांगलेली असत, म्हणजे गस्तवाल्याने येऊन वेळ घालून सही करायच्या वह्या. थंडीच्या एका रात्री मी एका कापड दुकानाच्या बुकात ३.२० ची सही एक वाजताच करून टाकली आणि ठाण्यात येऊन पडलो. नेमकं तेच दुकान पहाटे फुटलं. साहेबांनी बुक समोर ठेवलं आणि शांतपणे विचारलं, "तीन वीसला तू तिथे होतास. मग चोर कुठे होता?" कसुरी, म्हणजे खात्यातली शिक्षा झाली, त्याचं काही नाही. पण सहा महिने तो दुकानदार रस्त्यात दिसला की मी वाट बदलायचो. आता बऱ्याच ठिकाणी क्यूआर कोड स्कॅन करतात. त्यालाही जुगाड सांगणारे भेटतील. करू नका. स्टेशन डायरीत, म्हणजे ठाण्याच्या रोजच्या नोंदवहीत, जे बघितलं तेच लिहा, ज्या वेळी बघितलं त्याच वेळेसह. काही दिसलं नसेल तर 'काही दिसलं नाही' हीसुद्धा नोंदच आहे.

कोणाला हटकायचं, इथे नवी पोरं सगळ्यात जास्त चुकतात, आणि चूक शिकवणारे आमच्यातलेच जुने असतात. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम १२२ सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत संशयास्पद स्थितीत सापडणाऱ्यासाठी आहे. घरफोडीचं हत्यार जवळ आहे, तोंड झाकून लपतोय, तिथे असण्याचा समाधानकारक खुलासा देता येत नाही, असं काही असलं पाहिजे. नुसता अनोळखी आहे, कपडे मळके आहेत, पालावर राहतो, हा संशय नव्हे. इंग्रजांनी १८७१ साली जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवल्या, तो कायदा १९५२ साली गेला. काही ठाण्यांतली सवय मात्र अजून गेलेली नाही. घरफोडी झाली की पहाटे पारध्यांच्या पालावर गाडी. तुम्हाला कोणी 'चल' म्हणालं तर निदान विचारा, कशावरून? धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला १ जुलै २०१८ रोजी मुलं पळवणारे समजून जमावाने पाच भिक्षेकऱ्यांना मारून टाकलं. म्हणून गावभेटीला गेलात की ग्रामसुरक्षा दलाच्या पोरांना काठी कशी धरायची ते नंतर सांगा. अनोळखी माणूस दिसला तर हात न लावता पोलीस पाटलाला कळवा आणि ११२ ला फोन करा, हे आधी सांगा.

हटकायचं ते 'कुठं निघालात?' असं. 'ए, इकडं ये' असं नको. निम्मे लोक रात्रपाळीचे कामगार, एसटी चुकलेले, नाहीतर दवाखान्यात डबा नेणारे असतात. बाईची झडती बाईनेच घ्यायची, आणि सूर्यास्तानंतर बाईला अटक अपवादानेच, तीही महिला अधिकाऱ्याने, दंडाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीने. मनाचा तोल गेलेलं कोणी भटकताना दिसलं तर ते लॉकअपचं काम नाही, सरकारी दवाखान्याचं आहे. एकटं मूल सापडलं तर २४ तासांत बालकल्याण समितीपुढे.

नाकाबंदीचं थोडक्यात: बॅरिकेड नागमोडी लावा म्हणजे गाडीला वेग कमी करावाच लागतो. न थांबणाऱ्या गाडीपुढे उडी मारू नका, नंबर घ्या आणि कंट्रोल रूमला सांगा. चालत्या दुचाकीची चावी ओढू नका, माणूस पडतो.

बरोबर काय घ्यायचं? चार्ज केलेली बॅटरी, शिट्टी, काठी, खिशात मावणारी वही, दोन पेनं (एक हटकून बंद पडतं), पाणी, पावसाळ्यात रेनकोट. मोबाईल भरलेला, पण रील बघण्यात संपवायला नव्हे. मोज्यांचा जादा जोड जरूर. पायी गस्तीत साडेतीननंतर माणूस बसायला जागा शोधतो ते झोपेमुळे कमी आणि बूट चावल्यामुळे जास्त.