खोटा श्वास, तरी जीव का लागतो?

प्रश्न: मांडीवर घेतला की पोट वरखाली होणारा एक रोबो बघितला, श्वास खोटाय हे माहीत असून पण खाली ठेववेना. असं का होतं?

उत्तर: अहो, साहजिक आहे. ऊब, श्वास, ठोके हे आपलं शरीर शब्दांच्या आधी ओळखतं, रडणारं बाळ छातीशी धरलं की शांत होतं ना, तसंच. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात असाच केसाळ रोबो लोकांना मांडीवर घेऊन कुरवाळायला दिला, तर त्यांचे ठोके आणि श्वास दोन्ही संथ झाले. उलटंही करता येतं, मनगटावरचा सेन्सर तुमची नाडी वाचतो आणि रोबो त्याच लयीत धडधडतो. फक्त ही नाडीची माहिती कुठे साठते ते आधी विचारा, फार खासगी गोष्ट आहे ती.