मुलांसाठी लिहायचं असेल तर लायब्ररीत जायलाच हवं का?

तुमचा प्रश्न असा आहे की सगळं फोनवर वाचायला मिळतं, मग मुलांसाठी लिहू बघणाऱ्याने लायब्ररीचे हेलपाटे कशाला घालायचे. मी मुलांसाठीच लिहिते आणि माझं म्हणणं, जाच. वाचायला तर जाच, पण त्याहून जास्त, मुलं पुस्तक कसं उचलतात आणि कसं टाकून देतात ते बघायला जा.

मुलांच्या विभागात एक कोपरा धरून बसा, हातात काहीतरी घेऊन, नाहीतर उगाच पाळत ठेवल्यासारखं वाटतं. मूल कपाटासमोर येतं, कव्हर बघतं आणि बऱ्याचदा मधलंच कुठलंतरी पान उघडतं, तिथे नुसती गच्च अक्षरं दिसली की पुस्तक परत आत, तेही उलटं. संवादाच्या छोट्या ओळी किंवा एखादं मजेशीर चित्र दिसलं तर मात्र उभ्या उभ्याच वाचन सुरू, मग कपाटाला टेकून, मग खाली फतकल मारून. फतकल मारली म्हणजे पुस्तक पास. आपण पहिल्या वाक्यावर डोकं फोडत बसतो आणि हा वाचक मधलं पान बघून निकाल देऊन मोकळा! त्यामुळे मी ड्राफ्ट तपासताना कुठलंही पान उघडते, तिथे काही घडत नसेल तर ते पान गेलं.

बेव्हर्ली क्लिअरी नावाची अमेरिकन लेखिका होती, २०२१ मध्ये १०४ वर्षांची होऊन गेली. पहिलीत असताना ती वाचनात मागे असलेल्या मुलांच्या गटात होती, आणि पुढे तीच बाई मुलांची लायब्रेरियन झाली. तिथे मुलगे येऊन तिला विचारायचे की आमच्यासारख्या पोरांची पुस्तकं कुठायत? आणि तशी पुस्तकं जवळपास नव्हतीच. मग तिने स्वतःच लिहिलं, १९५० मध्ये पहिलं पुस्तक आलं, एका साध्यासुध्या मुलाचं आणि त्याला सापडलेल्या कुत्र्याचं. आता सर्च करून हा प्रश्न तिला कुठे सापडला असता सांगा.

वाचनाचं म्हणाल तर ड्युई पद्धतीने, म्हणजे विषयाप्रमाणे नंबर देऊन, पुस्तकं लावलेली लायब्ररी असेल तर ३९८.२ हा नंबर शोधा. लोककथा, परीकथा सगळ्या तिथे. एकच गोष्ट चार जणांनी चार तऱ्हेने सांगितलेली शेजारी शेजारी मिळते, कोणी राक्षस पहिल्या पानावर आणलाय, कोणी शेवटपर्यंत नुसता त्याचा आवाज ऐकवलाय. चारही काढा, जमिनीवर पसरा आणि वाचा. मला हे कुठल्याही वर्कशॉपपेक्षा जास्त उपयोगी पडलंय (वर्कशॉपवाल्यांनी राग मानू नये).

चित्रपुस्तक लिहायचं असेल तर अजून एक उद्योग करा. ही पुस्तकं बहुतेक ३२ पानांची असतात, कारण मोठा कागद छापून घड्या घातल्या की ८ किंवा १६ पानांचे फर्मे तयार होतात, मग पानांचा हिशोब त्यातच बसवावा लागतो. लायब्ररीतलं आवडतं एखादं चित्रपुस्तक घ्या आणि त्यातला फक्त मजकूर वहीत उतरवा, कुठे पान उलटतं तिथे रेघ मारा. मजकूर किती कमी असतो ते बघून धक्का बसेल, आणि वाक्य नेमकं कुठे तोडलंय म्हणजे मूल पान उलटेलच हेही दिसेल. मग आपलं लिखाण मोठ्याने वाचा. जिथे जीभ अडखळते तिथे कापा, वाचून दाखवणारे आईबाप रात्री दमलेले असतात हो.

आपल्याकडचे ग्रंथालयशास्त्राचे मोठे जाणकार एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयाचे जे पाच नियम सांगितले त्यात एक आहे, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. लेखक म्हणून मला तो फार आवडतो, कारण दुकानात नवीन माल आला की आपलं पुस्तक मागे जातं, पण लायब्ररीत ते वर्षानुवर्षं तग धरू शकतं. अर्थात नको असलेली पुस्तकं तिथेही काढून टाकतात, फार हवेत जाऊ नका.

आणि काउंटरवरच्या माणसाशी ओळख करून घ्या, तुम्ही लिहिता हे सांगा. कोणतं पुस्तक सारखं बाइंडिंगला जातं ते विचारा. मुलं काय मागतात आणि त्यांना 'नाही' म्हणावं लागतं तेही विचारा, आणि हे वहीत आधी लिहून घ्या, बाकीचं नंतर.