सायकल लेन काढून टाकली तर रस्ता खरंच मोकळा होतो का?

प्रश्न असा आहे: शहरातल्या एका मुख्य रस्त्यावरची सायकल लेन काढून ती जागा मोटारींना परत द्यावी अशी मागणी होतेय. काढल्यावर कोंडी सुटेल का, आणि सुनावणीत काय बोलावं?

कोंडी बहुतेक ठिकाणी सुटत नाही. सुनावणीचं पुढे सांगतो. आधी "लेन तर रिकामीच असते" ह्या वाक्याचा हिशेब चुकता करू द्या, कारण प्रत्येक सुनावणीत कुणीतरी ते म्हणतंच आणि अर्धं सभागृह माना डोलावतं.

समजा लेनवरून तासाला ६०० सायकली जातात. म्हणजे दर सहा सेकंदांना एक. ताशी १८ किलोमीटर वेगाने सायकल सेकंदाला ५ मीटर जाते, म्हणून दोन सायकलींत सरासरी ३० मीटर अंतर पडतं. १०० मीटरच्या तुकड्याचा फोटो काढा, त्यात तीन-चार सायकली दिसतील. शेजारच्या लेनवरूनही तासाला ६०० च मोटारी जाऊ द्या. सिग्नल ५० सेकंद लाल राहिला की आठ मोटारी साचतात आणि पन्नास-पंचावन्न मीटरची रांग लागते. फोटोत एक लेन ओस, दुसरी तुंबलेली, आणि माणसं जवळपास तेवढीच. रिकामी दिसणारी लेन म्हणजे चालू असलेली लेन. हे ज्याला पटत नाही त्याने रिकाम्या दिसणाऱ्या रेल्वे रुळांवरही मोटारी सोडायची मागणी करावी.

आता टोरंटोचा जार्विस रस्ता, कारण लेन घालून काढल्याचं इतकं स्वच्छ उदाहरण क्वचित मिळतं. तिथे पाच लेन होत्या. मधली सकाळी एका दिशेला, संध्याकाळी उलट दिशेला चालायची. २०१० मध्ये ती बंद करून दोन्ही कडांना सायकल लेन आखल्या. मग महापालिकेच्याच अभियंत्यांनी मोजणी केली. आठ तासांत सायकली २९० वरून ८९० वर गेल्या, मोटारींची संख्या जवळपास तीच राहिली, अपघात घटले. गर्दीच्या वेळी मोटारींचा प्रवास मात्र सहा मिनिटांवरून आठावर गेला. विरोधकांनी ही दोन मिनिटं धरून ठेवली आणि २०११ मध्ये सभागृहाने लेन काढायचा ठराव केला.

पण ती दोन मिनिटं जात होती कुठे? अहवालातच होतं: बरीचशी एकाच चौकात, जेरार्ड रस्त्याच्या सिग्नलला. संध्याकाळी उत्तरेकडे जाणाऱ्यांतले डावीकडे वळणारे समोरची वाहतूक संपायची वाट बघत थांबायचे आणि त्यांच्यामागे अख्खी लेन अडकायची. (तिथे वाहतूक उजव्या बाजूने चालते.) उपायही लिहिला होता: वळणाऱ्यांना काही सेकंद आधी स्वतंत्र हिरवा द्या. म्हणजे काम सिग्नलच्या पेटीतलं होतं. तरी नोव्हेंबर २०१२ मध्ये पट्टे खरवडायला यंत्रं आली, आंदोलक त्यांच्यापुढे आडवे झाले, आणि लेन गेलीच.

रस्त्याची क्षमता चौकात ठरते, हे लोकांच्या गळी का उतरत नाही कळत नाही. एक लेन पूर्ण तासभर हिरवी मिळाली तर साधारण १८०० वाहनं सोडते. ९० सेकंदांच्या चक्रात ४० सेकंद हिरवा असेल तर ८००. स्टॉप लाइनला पूर्वीइतक्याच लेन ठेवल्या असतील तर दोन चौकांच्या मध्ये एक लेन वाढवून फक्त रांग उभी करायला जागा वाढते. शिवाय मिळालेली कडेची लेन पहिल्याच आठवड्यात डिलिव्हरीच्या गाड्या आणि "दोनच मिनिटं थांबतो"वाले खातात.

काढण्याचं काम म्हणजे नुसता रंग पुसणं, असंही समजू नका. थर्मोप्लास्टिकचा, म्हणजे गरम वितळवून मारलेल्या रंगाचा, पट्टा दोन-तीन मिलिमीटर जाड असतो. ग्राइंडरने काढताना डांबरही खरवडलं जातं, चर राहतो, आणि पावसाळी रात्री हेडलाइटमध्ये तो जुना चर नव्या पट्ट्यापेक्षा जास्त चमकतो. चालक मग चुकीच्या रेषेवर गाडी ठेवतात. जोराच्या पाण्याने काढलं तर इजा कमी, पण खरा उपाय म्हणजे वरचा थर खरवडून नवा टाकणं. लेन वेगळी ठेवणारे खांब रस्त्यात ज्या बोल्टने बसवतात त्यांची भोकं इपॉक्सीने (घट्ट होणाऱ्या चिकट रसायनाने) बुजवली नाहीत तर पाणी मुरून तिथूनच खड्डा सुरू होतो. काँक्रीटचा कर्ब, म्हणजे लेनच्या कडेचा उंच कठडा, असेल तर पावसाच्या पाण्याच्या जाळ्या हलवाव्या लागतात. चौकातले सायकलींसाठीचे वेगळे सिग्नल काढले की सिग्नलचं टाइमिंग नव्याने बसवावं लागतं, आणि हे हमखास राहून जातं.

म्हणून तर टोरंटोच्या ब्लूर, यंग आणि युनिव्हर्सिटी ह्या तीन रस्त्यांवरच्या लेन काढायचा खर्च महापालिकेने ४.८ कोटी कॅनेडियन डॉलर काढला, बसवायला २.७ कोटी लागले होते. टोरंटो ज्या ऑन्टारिओ प्रांतात आहे त्याच्या मुख्यमंत्र्यांना, डग फोर्ड यांना, हा आकडा मान्य नव्हता. त्यांच्या सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये लेन काढण्याचा कायदाच केला होता. जुलै २०२५ मध्ये न्यायालयाने ते काढणं घटनाबाह्य ठरवलं: जिवाला धोका वाढतो, आणि कोंडी सुटेल ह्याला पुरावा नाही. सरकारने अपिलात जायचं जाहीर केलं.

सुनावणीत भावनेचं बोलू नका, मोजणी मागा. आधीची आणि नंतरची, त्याच ऋतूतली, त्याच वारांची. शेजारच्या समांतर रस्त्यांचीही, नाहीतर तिकडे सरकलेली वाहतूक "कमी झाली" म्हणून खपवतात. मोटारी मोजायला रस्त्यावर आडव्या टाकलेल्या रबरी नळ्यांच्या मोजणीतून सायकली निसटतात, म्हणून व्हिडिओवरून मोजलेलं मागा. प्रवासाचा वेळ चौकागणिक मागा, सरासरीत सगळं लपतं. अपघातांचे एका वर्षाचे आकडे कुणी नाचवले तर तीन ते पाच वर्षांचे मागा. आणि हे तुमच्या बाजूच्यांनाही लागू आहे.

एक कबूल करतो. काही लेन खरंच काढायच्या लायकीच्या असतात. पार्क केलेल्या गाड्यांना चिकटून आखलेला सव्वा मीटरचा पट्टा म्हणजे सायकलवाल्याला उघडणाऱ्या दारात नेऊन सोडणं. चौकाच्या तीस मीटर आधी गायब होणारी लेनही तशीच. पण तिथे मागणी "काढा" अशी नसावी. दीड ते दोन मीटर रुंदी आणि दारासाठी वेगळी साठ-सत्तर सेंटिमीटरची पट्टी, असं आखून मागा. अँब्युलन्सचा मुद्दा निघाला तर तो हसण्यावारी नेऊ नका. लवचिक खांब किंवा चढता येईल असा उतरता कर्ब ठेवला तर ती लेनच अँब्युलन्सची वाट होते. उभा काँक्रीट कर्ब आणि शेजारी एकच लेन असेल तर तक्रार खरी आहे.

आणि रस्त्याचं पुढचं डांबरीकरण कधी आहे ते विचारून ठेवा. वर्ष-दोन वर्षांत असेल तर रुंदी तेव्हाच बदलून घ्या, पट्टे तसेही नव्यानेच मारायचे असतात.