वाचकांचे प्रश्न : ऑझी ऑस्बोर्न यांना आठवताना

इंग्लंडचे रॉक गायक ऑझी ऑस्बोर्न यांचे २२ जुलै २०२५ रोजी वयाच्या ७६व्या वर्षी निधन झाले. त्यांच्यासंबंधी कोकणातून आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रांना येथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न : मी अनेक वर्षे भजनाला पेटीवर बसतो. मुंबईला नोकरी करणारा माझा मुलगा हा गायक वारल्याचे सांगताना फोनवर रडला. मी चौकशी केली, तेव्हा या माणसाने रंगमंचावर वटवाघळाचे डोके चावून तोडले होते एवढीच माहिती मिळाली. मुलगा गणपतीला घरी येईल, तेव्हा त्याच्याशी या विषयावर काय बोलावे? या गाण्यात संगीत म्हणावे असे काही आहे का?
– एक भजनी बुवा, मालवण तालुका

उत्तर : बुवा, वटवाघळाची गोष्ट खरी आहे, म्हणून ती आधी उरकून टाकू. जानेवारी १९८२ मध्ये अमेरिकेतील डे मॉइन या शहरी कार्यक्रम चालू असताना प्रेक्षकांतून कोणीतरी वटवाघूळ फेकले, ते रबरी खेळणे असावे अशा समजुतीने त्यांनी तोंडात घातले, आणि नंतर त्यांना रेबीजची इंजेक्शने घ्यावी लागली. वृत्तपत्रांनी ही हकिगत चाळीस वर्षे चघळली आणि स्वतः ऑझींनीही पुढे तिचा धंद्यासाठी भरपूर उपयोग करून घेतला. त्यामुळे तुमच्यापर्यंत तेवढेच पोहोचले असेल, तर त्यातला निम्मा दोष त्यांचाच आहे.

संगीताविषयी तुम्ही विचारले आहे, त्याचे उत्तर मात्र सविस्तर द्यायला हवे. ऑझी बर्मिंगहॅम शहरातल्या ॲस्टन या कामगार वस्तीत वाढले. वडील हत्यारे घडवणारे कारागीर, आई मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात कामाला, आणि घरात सहा भावंडे. ऑझींनी कत्तलखान्यात काम केले, काही काळ मोटारींचे हॉर्न सुरात लावण्याचेही काम केले, आणि घरफोडीच्या गुन्ह्यात तुरुंगही पाहिला. १९६८ मध्ये त्याच भागातल्या चौघांनी जो वाद्यवृंद उभा केला, तोच पुढे ब्लॅक सॅबथ या नावाने प्रसिद्ध झाला. त्यातले गिटारवादक टोनी आयोमी यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके, ते सतरा वर्षांचे असताना, पत्र्याच्या कारखान्यातील यंत्रात तुटली होती. आयोमी डावखुरे असल्यामुळे तारा दाबण्याचा हात नेमका तोच होता. त्यांनी प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोपणे केली, त्यांवर चामडे चिकटवले, आणि बोटांना ताण सोसवेना म्हणून हलक्या तारा वापरायला सुरुवात केली. पुढे १९७१ च्या तिसऱ्या ध्वनिमुद्रिकेतील काही गाण्यांसाठी त्यांनी गिटारच्या ताराच खाली उतरवल्या. तुमच्या पेटीच्या हिशेबाने सांगायचे, तर जी खर्जाची तार एरवी पांढरी तीनला लावतात, ती त्यांनी काळी एकला आणली. तार सैल पडली, आवाज जाड आणि घोगरा झाला, आणि आज जगभर ज्याला हेवी मेटल म्हणतात त्याचा भारदस्तपणा बराचसा या एका जखमी हाताच्या सोयीतून आला. मुलगा ज्या आवाजासाठी रडला, तो आवाज हाच असावा.

ब्लॅक सॅबथच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेतील पहिले गाणे तुम्ही पेटीवर ताडून पाहू शकाल. पांढरी पाचला षड्ज धरावा, लगेच तार षड्ज घ्यावा, आणि मग मागे येऊन त्या दोहोंच्या मधली काळी एक, म्हणजे तीव्र मध्यम, दाबून धरावा. गाण्याचा सारा डोलारा एवढ्यावरच उभा आहे. यमनात हाच स्वर किती गोड लागतो हे तुम्हाला सांगायला नको. येथे मात्र त्याला पंचमावर विसावू दिलेले नाही, म्हणून ऐकणाऱ्याच्या मनाला स्वस्थता मिळत नाही, आणि तीच त्यांना हवी असलेली गोष्ट होती. या सुरावटीवर ऑझींचा उंच, सरळ आणि हरकती-मुरक्यांपासून अलिप्त असा आवाज येतो. ते तयारीचे गायक नव्हते, हे त्यांच्या चाहत्यांनाही मान्य व्हावे. पुष्कळदा ते गिटारच्या ओळीबरोबरच गातात. पण घाबरलेल्या माणसाने मदत मागावी असा जो एक स्वर त्यांच्या गळ्यात होता, तो पुढे नक्कल करणाऱ्या शेकडो गायकांना साधला नाही, असे माझे मत आहे.

मुलाशी बोलताना या माणसाची काळी बाजू झाकू नये. दारू आणि अमली पदार्थांच्या व्यसनापायी १९७९ मध्ये त्यांना स्वतःच्याच वाद्यवृंदातून काढण्यात आले, आणि १९८९ मध्ये नशेच्या भरात पत्नीचा गळा आवळल्याबद्दल त्यांना अटकही झाली. चाहते या घटनेवरून फार लवकर पुढे सरकतात, आणि ते मला पटत नाही. त्याच वेळी हेही सांगावे की मुलाला गाण्याचा नाद आहे हे पाहून ऑझींच्या वडिलांनी कर्ज काढून त्याला ध्वनिक्षेपक घेऊन दिला, आणि स्वतःचा संच असलेला गायक म्हणूनच त्यांना पहिल्यांदा वादकांत जागा मिळाली. मुलाला आधी त्याचे आवडते गाणे लावायला सांगावे, आणि तुम्ही पेटी काढून त्याची पट्टी शोधावी. बोलणे आपोआप निघेल.

प्रश्न : आमच्या शाळेतील काही पालकांचे म्हणणे आहे की हे सैतानाची पूजा करणाऱ्यांचे संगीत आहे. यात तथ्य किती?
– एक शिक्षिका, वेंगुर्ला

उत्तर : फारसे नाही. वाद्यवृंदाचे नाव एका भयपटावरून घेतलेले आहे, आणि भीती ही पैसे देऊन अनुभवण्याची गोष्ट असेल तर ती गाण्यातूनही का देऊ नये, असा त्यामागचा हिशेब होता. बहुतेक गीते ऑझींनी नव्हे, तर बासवादक गीझर बटलर यांनी लिहिली, आणि ते कॅथलिक घरात वाढलेले होते. चौघांच्या गळ्यातले क्रूस ऑझींच्या वडिलांनी घडवून दिले होते. ‘वॉर पिग्ज’ या १९७० च्या गाण्यात सैतान येतो, पण तो गरिबांच्या मुलांना युद्धावर पाठवणाऱ्या सेनापतींना हसण्यासाठी. पालकांना हे एकच गाणे अर्थ सांगून ऐकवावे.

प्रश्न : आम्ही महाविद्यालयीन मित्र ऑझींच्या स्मरणार्थ एक संध्याकाळ आयोजित करीत आहोत. आमचा स्वतःचा लहानसा बँड आहे. कोणती गाणी घ्यावीत आणि कोणती काळजी घ्यावी?
– एक विद्यार्थी, रत्नागिरी

उत्तर : आराखडा खुद्द ऑझींनीच घालून दिला आहे. ५ जुलै २०२५ रोजी, म्हणजे मृत्यूच्या सतरा दिवस आधी, त्यांनी ॲस्टनमधल्याच व्हिला पार्क या फुटबॉल मैदानावर निरोपाचा कार्यक्रम केला. पार्किन्सनच्या आजारामुळे त्यांना उभे राहता येत नव्हते, म्हणून ते काळ्या सिंहासनावर बसून गायले, आणि मूळचे चौघे २००५ नंतर प्रथमच एकत्र आले. चौघांनी मिळून ‘वॉर पिग्ज’, ‘एन. आय. बी.’, ‘आयर्न मॅन’ आणि ‘पॅरानॉइड’ ही चारच गाणी वाजवली. नवख्या बँडलाही एवढी पुरेशी आहेत. त्याआधी त्यांच्या स्वतंत्र कारकिर्दीतले ‘मामा, आय ॲम कमिंग होम’ घ्यावे, कारण ज्यांना गोंगाट सोसत नाही असे घरचे लोक तेवढ्यासाठी थांबतील. ‘क्रेझी ट्रेन’ मात्र गिटारवादकाची पूर्ण तयारी असल्याशिवाय हाती घेऊ नये. ऑझींचे गिटारवादक रँडी ऱ्होड्स यांचे ते वादन अर्धवट झाले तर श्रद्धांजलीची चेष्टा होते.

कार्यक्रम पावसाळ्यात करणार असाल तर मांडवाऐवजी बंद सभागृह घ्यावे, ॲम्प्लिफायरचे अर्थिंग आदल्या दिवशी वायरमनकडून तपासून घ्यावे, आणि ओल्या पायांनी कोणी मायक्रोफोनला हात लावणार नाही हे पाहावे. उघड्यावर करायचे ठरलेच, तर ध्वनिक्षेपकासाठी परवानगी लागते आणि तो रात्री दहाला बंद करावा लागतो, म्हणून सुरुवात सातच्या आत करावी. बर्मिंगहॅमच्या कार्यक्रमाचे उत्पन्न पार्किन्सनवरील संशोधनासाठी, मुलांच्या रुग्णालयासाठी आणि मुलांच्या शुश्रूषागृहासाठी ठरवलेले होते. तुम्ही तिकीट लावणार असाल तर पैसे कोणाला द्यायचे ते आधी ठरवून तिकिटावरच छापावे.