नोंदलेल्या गाड्या आणि धावणाऱ्या गाड्या

प्रश्न : ३१ मार्च २०२० रोजी देशात ३२ कोटींवर वाहने नोंदलेली होती. एवढी खरंच रस्त्यावर आहेत का?

उत्तर : नाही. १९५१ साली जेमतेम ३ लाख असलेला हा आकडा साठत आलेला आहे. नवी गाडी त्यात लगेच चढते; भंगारात गेलेली मात्र आरसी (नोंदणी प्रमाणपत्र) रद्द होईपर्यंत उतरत नाही. आणि रद्द करायला जातो कोण! खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. नूतनीकरण न केलेल्या कितीतरी बेरजेत तशाच राहतात. जवळपास पाऊण हिस्सा दुचाकींचा, म्हणजे फुगवटाही तिथेच जास्त असणार. कल पाहायचा तर सरकारच्या 'वाहन' डॅशबोर्डवर (वाहन नोंदणीच्या आकड्यांच्या संकेतस्थळावर) वर्षागणिक नव्या नोंदण्या बघा. स्वतःची गाडी मोडीत काढलीत तर १४ दिवसांत आरटीओला कळवून आरसी जमा करा. गाडीच्या सांगाड्यावरचा, चॅसिस नंबर कोरलेला कापलेला तुकडा भंगारवाल्याकडे सोडू नका, आरटीओत तो मागतात.