आधी खिळा ठरवा, मग कंप्रेसर

घरच्या सुतारकामासाठी नेलगन, म्हणजे कंप्रेसरच्या दाबलेल्या हवेवर खिळे मारणारी गन, घेऊ पाहणाऱ्या किंवा नुकतीच घेतलेल्या वाचकांचे काही प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : कपाटाचं मागचं प्लाय, चौकटीच्या पट्ट्या, लहान खोकी, फोटोफ्रेम अशी कामं घरी करतो. हातोडीने पातळ पट्टी फुटते. दुकानात एफ३०, एफ५०, टी५०, एसटी६४ अशी नावं सांगतात. यातली कोणती गन घ्यावी?

उत्तर : नावातलं अक्षर खिळ्याची जात सांगतं आणि आकडा म्हणजे बहुधा त्या गनमध्ये बसणारा सर्वांत लांब खिळा, मिलिमीटरमध्ये. एफ म्हणजे १८ गेजचा बारीक खिळा, तार साधारण १.२ मिमी. टी म्हणजे १६ गेज, तार १.६ मिमीच्या आसपास. एसटीचा खिळा २ मिमीहून जाड असतो आणि तो काँक्रीटसाठी आहे. गेजचा आकडा जितका मोठा तितकी तार बारीक, एवढं लक्षात ठेवलं की गोंधळ होत नाही.

तुमच्या कामाला एफ५० घ्या. एफ३० हलकी असते, हातात छान बसते, पण १८ मिमीच्या प्लायला दुसरं १८ मिमीचं प्लाय काटकोनात जोडायचं झालं तर ३० मिमीचा खिळा दुसऱ्या फळीत जेमतेम १२ मिमी जाईल. तेवढ्याने पकड येत नाही. ढोबळ हिशेब असा, की वरच्या पातळ तुकड्याच्या जाडीच्या अडीच ते तीनपट लांब खिळा घ्यायचा, अर्थात खालच्या तुकड्यातून आरपार जाणार नाही असा. १२ मिमीच्या पट्टीला ३० किंवा ३५ मिमी, १८ मिमीच्या प्लायला ४५ किंवा ५० मिमी. टी५० पट्टीत मोठं भोक पाडते आणि नाजूक पट्टी चिरते, म्हणून ती दाराच्या जाड चौकटीसाठी ठेवा.

जोडात गोंद मात्र हवाच. बारीक खिळ्याला डोकं नावापुरतं असतं, त्यामुळे ६ मिमीचं मागचं प्लाय जोरात ओढलं तर डोक्यावरून निघून येतं. खिळा फक्त गोंद वाळेपर्यंत तुकडे जागेवर धरून ठेवतो. मागच्या प्लायचीच कामं जास्त असतील तर त्या कामापुरती स्टेपल गन अधिक चांगली, कारण यू आकाराची पिन प्लायला आडवी दाबून धरते.

प्रश्न : एफ५०साठी किती एचपीचा कंप्रेसर लागेल? दुकानदार २ एचपी, ५० लिटर सुचवतात.

उत्तर : एचपी बाजूला ठेवा, हवेचा हिशेब करा. १८ गेजची गन एका खिळ्याला साधारण १ ते १.५ लिटर मोकळी, म्हणजे दाबण्याआधीची, हवा खाते. समजा टाकी २४ लिटरची आहे, मोटर ८ बारला (बार हे हवेच्या दाबाचं माप) बंद होते आणि ६ बारला पुन्हा सुरू होते. म्हणजे मधल्या २ बारमध्ये २४ गुणिले २, अशी ४८ लिटर मोकळी हवा हाताशी आली. एवढ्यात मोटर सुरू न होता ३५ ते ४० खिळे बसतात. घरचं काम मोजून, लावून, तपासून चालतं, त्यामुळे तेवढे खिळे वापरायला बराच वेळ जातो. तोच हिशेब ६ लिटरच्या टाकीला लावला तर १२ लिटर हवा आणि आठ-नऊ खिळे, की मोटर पुन्हा घरघरायला लागते. चालतं, पण कंटाळा येतो. म्हणून एका गनसाठी २४ लिटर टाकी आणि १ एचपीची, म्हणजे ७५० वॉटची मोटर पुरेशी आहे. ५० लिटरची टाकी काम सोपं करत नाही, फक्त उचलायला जड होते.

हवेचा आकडा बघताना एक फसगत टाळा. डब्यावर मिनिटाला अमुक लिटर असं ठळक लिहिलेलं असतं, ते बहुतेकदा पिस्टन किती हवा ओढतो ते. टाकीत प्रत्यक्ष पोचणारी हवा त्याहून बरीच कमी असते. प्रत्यक्ष मिळणाऱ्या हवेचा आकडा मागा. तो मिनिटाला ६० लिटर असला तरी वर सांगितलेले ४८ लिटर मिनिटाच्या आत भरून निघतात. आकडा सीएफएममध्ये, म्हणजे मिनिटाला घनफुटांत, असेल तर १ सीएफएम म्हणजे मिनिटाला २८.३ लिटर. पुढे स्प्रेने रंगकाम करायचा विचार असेल तर मात्र हे सगळं गणित बदलतं, कारण स्प्रे गन सतत हवा ओढते. नेलगन घोटाघोटाने पिते.

तेलवाला की बिनतेलाचा, हेही पाहा. तेलवाल्या पंपातून तेलाचे बारीक कण हवेबरोबर येतात आणि पॉलिश करायच्या कोऱ्या लाकडावर डाग पडतो. घरात वापरायचा तर कमी आवाजाचा बिनतेलाचा घ्या. दाब कमी-जास्त करणारा रेग्युलेटर आणि दाब दाखवणारे दोन मीटर, एक टाकीचा आणि एक बाहेर जाणाऱ्या हवेचा, हे असायलाच हवेत.

प्रश्न : गाडीच्या टायरमध्ये हवा भरायचा छोटा पंप आहे. त्यावर गन चालेल का?

उत्तर : नाही. त्याला टाकी नसते, आणि गनला लिटरभर हवा क्षणार्धात लागते. पंप ती इतक्या झटकन देऊ शकत नाही. याच ओघात कळकळीने सांगतो, कंप्रेसर नाही म्हणून ऑक्सिजनचा किंवा कुठलाही गॅसचा सिलिंडर नेलगनला कधीही जोडू नका. गनमध्ये तेल असतं. दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेल एकत्र आले की स्फोट होऊ शकतो.

प्रश्न : काही खिळे लाकडाबाहेर राहतात, काही खूप आत जातात. दाब किती ठेवावा?

उत्तर : गनवर कमाल दाब कोरलेला असतो, तो ओलांडू नका. सुरुवात ४.५ बारपासून, म्हणजे ६५ पीएसआयपासून करा. त्याच लाकडाच्या टाकाऊ तुकड्यावर चार खिळे मारा आणि अर्ध्या-अर्ध्या बारने वाढवत जा. डोकं पृष्ठभागाच्या १ मिमी खाली गेलं की थांबा, पुट्टीला तेवढी खोली बरोबर होते. कठीण लाकडाला जास्त दाब लागतो, मऊ लाकडाला कमी.

पहिला खिळा नीट आणि लागोपाठचे तिसरा-चौथा वर राहत असतील तर हवा वेळेवर पोचत नाही. गुंडाळीची निळी नळी बहुधा ५ गुणिले ८ मिमीची असते, म्हणजे आतलं भोक फक्त ५ मिमी. आतून ८ मिमी असलेली नळी लावून बघा. तरीही खिळे वर-खाली राहिले तर गनमधल्या रबरी रिंगा कोरड्या पडल्या असतील, किंवा खिळा ढकलणारी पाती झिजली असेल. रोज काम सुरू करण्याआधी हवेच्या तोंडातून न्यूमॅटिक (हवेवर चालणाऱ्या अवजारांच्या) तेलाचे दोन-तीन थेंब सोडा. गंज सोडवायचा स्प्रे नको, त्यातल्या द्रावकाने रबर फुगतं.

प्रश्न : फळीच्या कडेत खिळा मारताना तो वाकून बाजूने बाहेर येतो. गन तर सरळच धरतो.

उत्तर : खिळ्यांची पट्टी उजेडात धरून टोकं पाहा. ती सुईसारखी नसतात, पटाशीसारखी दोन्ही बाजूंनी उतरती कापलेली असतात. पट्टीच्या डाव्या आणि उजव्या अंगाला उतार असतो. वाटेत कठीण रेषा किंवा गाठ आली की खिळा त्या उतारावरून घसरतो आणि गनच्या डावीकडे नाहीतर उजवीकडे वळतो. तुम्ही मॅगझिन, म्हणजे खिळ्यांची पट्टी बसते तो लांब भाग, कडेच्या लांबीला समांतर धरत असाल तर डावं-उजवं म्हणजे फळीचे दोन दर्शनी पृष्ठभाग. गन ९० अंशांत फिरवा आणि मॅगझिन कडेला आडवं येऊ द्या. आता खिळा वळला तरी फळीच्या लांबीतच वळेल. फळीच्या टोकापासून निदान ४० ते ५० मिमी आत मारा. तुकडा धरलेला हात खिळ्याच्या लांबीहून बराच लांब असू द्या, ५० मिमीचा खिळा असेल तर ८० मिमी तरी. वाकलेला खिळा बोटातून आरपार जातो. गॉगल आणि कानाचं संरक्षण दर वेळी हवं, दोनच खिळे मारायचे असले तरी.

प्रश्न : खिळा अडकला तर?

उत्तर : आधी नळी काढा. ट्रिगर दाबून हवा गेली असं गृहीत धरू नका. गनच्या बाजूला नुसता निप्पल (बिनझडपेचा जोड) आणि नळीच्या बाजूला कपलर (आपोआप बंद होणाऱ्या झडपेचा जोड) असेल तरच नळी काढताच गन रिकामी होते. उलट लावलं तर हवा गनमध्ये कोंडून राहते आणि नळी काढल्यावरही एक खिळा सुटू शकतो. ही चूक बऱ्याच ठिकाणी दिसते, आजच तपासा. मग मॅगझिन उघडून खिळ्यांची पट्टी मागे घ्या, गनच्या तोंडावरचं झाकण उघडा, पकडीने खिळा ओढा, पाती स्क्रूड्रायव्हरने वर ढकला. वेगळ्या लांबीच्या पट्ट्या एकत्र भरल्याने किंवा दोन-तीन खिळ्यांचे तुटके तुकडे शेवटी राहिल्याने बहुतेकदा अडकतं.

प्रश्न : एफ५०ने भिंतीवर पट्टी बसेल का?

उत्तर : प्लास्टर भुगा होतं, विटेत खिळा वाकतो. ड्रिल, प्लग आणि स्क्रू वापरा.

प्रश्न : कंप्रेसर कधीकधी नुसता गुणगुणतो, फिरत नाही.

उत्तर : लगेच बंद करा, मोटरचं वाइंडिंग तापतं. मोटर थांबताना 'फुस्स' असा छोटा आवाज यायला हवा. त्या वेळी एक छोटी झडप पंप आणि टाकीच्या मधल्या नळीतली हवा सोडते. तो येत नसेल तर पिस्टनला दाबाविरुद्ध सुरू व्हावं लागतं आणि मोटर अडते. टाकी पूर्ण रिकामी करून बघा. रिकामी असताना फिरली तर दोष त्या झडपेचा. थेट भिंतीच्या सॉकेटला लावूनही गुणगुणली तर मोटरला सुरू व्हायला मदत करणारा कपॅसिटर तपासून घ्या. लांब, बारीक एक्स्टेंशन वायर असेल तर व्होल्टेज पडतं. कंप्रेसर सॉकेटजवळ ठेवा आणि लांबी हवेच्या नळीत घ्या. रिकामी केलीच आहे तर टाकीखालचा नळ उघडून साठलेलं पाणीही काढा. ते रोजच काढायचं असतं, नाहीतर टाकी आतून गंजत जाते आणि बाहेरून काहीच दिसत नाही.